सबनीसकाकांचा खांब

कुठल्याही गाडीत बसण्याआधी सबनीसकाका तिच्या खांबावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचे. पुढचं दार जिथे संपतं आणि मागची काच जिथे सुरू होते, तिथे छतापासून खालपर्यंत उतरलेला जो उभा पट्टा असतो, तो खांब. एखाद्याच्या घरी गेल्यावर "येऊ का आत?" म्हणून दार वाजवावं, तशी ती टकटक. गाडी नवी असो, भाड्याची असो, नाहीतर देवळातून घरी सोडणाऱ्या अनोळखी माणसाची असो. ओळख झाल्यापासूनच्या साडेसहा वर्षांत टकटक न करता काका गाडीत बसलेले मी पाहिले नाहीत. अपवाद एकाच गाडीचा, त्यांच्या स्वतःच्या. तिथेही त्यांचा हात सवयीने वर जायचा, पण वाजवायला काही नसायचं, म्हणून तसाच खाली यायचा.

पहिली भेट २००१ च्या दिवाळीतली. पुण्याहून मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन मला चार महिने झाले होते. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दर्जा तपासण्याच्या विभागात मी आकडे बघायचो, अजूनही बघतो. मराठी मंडळींचा फराळ एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मी माझी जुनी, दोन दारांची गाडी लावली, पत्नी अनघा आणि बारा वर्षांची सई डबे घेऊन उतरल्या, तेवढ्यात एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ आले आणि त्यांनी माझ्या गाडीला दोनदा टकटक केली.

"हा माझा," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांच्या नेहमीच्या जागेवर मी गाडी लावली. "सॉरी काका, काढतो मी गाडी."

"गाडी राहू दे रे. खांब माझा म्हणतोय." मग ते क्षणभर थांबले आणि त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. "म्हणजे आठ जणांचा. त्यातला मी एक. खालचा सांधा मात्र माझा." खाली वाकून त्यांनी मला खांबाचा तळ दाखवला. वडाचा बुंधा जमिनीशी पसरतो तसा तो उंबऱ्यापाशी रुंद झालेला होता. "हा आकार आमच्या कंपनीत अजून बदललेला नाही. कुणी बदलायला गेलं की पुन्हा इथेच येतं."

सई माझ्या कानाशी पुटपुटली, "बाबा, ही इज वियर्ड." काकांनी ते ऐकलं. "येस बेटा," ते म्हणाले, "बट करेक्ट."

काका मूळचे सांगलीचे. इथे ट्रॉयजवळच्याच एका मोठ्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं गाडीच्या सांगाड्याचं काम केलं आणि निवृत्त झाले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६७ सालची तांबूस रंगाची गाडी होती. लांबी साडेसतरा फूट. ती आत घेताना नाक भिंतीवर आपटू नये म्हणून छताला दोरीने टेनिसचा बॉल टांगलेला. बॉल काचेला टेकला की ब्रेक. ती होती हार्डटॉप. म्हणजे छत पक्कं, पत्र्याचं, पण पुढच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये खांब नाही. दोन्ही काचा एकमेकींना थेट भिडतात. चारही काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत गाडीची बाजू मोकळी, आणि छत वर कुणीतरी हलकेच ठेवल्यासारखं. एक काळ असा होता की दोन दारांच्या गाड्यांचा डौल म्हणजे हाच. सत्तरच्या दशकात या गाड्या कमी होत गेल्या. काचा जागच्या जागी पक्क्या झाल्या, मध्ये खांब आले आणि तो डौल संपला.

"कॉलेजच्या लायब्ररीत एका अमेरिकन मासिकात हिच्यासारख्याच एका आधीच्या हार्डटॉपचं चित्र पाहिलं," काका सांगायचे. "तिसऱ्या वर्षाला होतो. अर्धा तास छताचा आधार शोधत बसलो. सापडेना. वाटलं, चित्रकार खांब काढायला विसरला. म्हटलं, तिथे जाऊनच बघायचं. आलो, शिकलो, आणि नोकरी लागली ती त्या छताला आधार शोधायची!"

हेच त्या माणसाचं वैशिष्ट्य. ज्या तऱ्हेच्या गाडीसाठी देश सोडला, तिच्यात खांब घालण्याचं गणित त्यांनीच केलं. आणि दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या. गाडी उलटली तर छत किती चेपतं, आतल्या माणसाच्या डोक्यावर किती जागा उरते, हे त्यांनी कागदावर मांडलं होतं. त्या कागदांवर आठ सह्या होत्या.

मी एकदा त्यांना म्हणालो, "काका, म्हणजे किती जणांचे जीव वाचवलेत तुम्ही!" ते चिडले.

"असं बोलायचं नाही, जयंत. तू आकड्यांतला माणूस. खांब फक्त सुरक्षेसाठी आला असं कुणाला सांगू नकोस. गाड्यांमध्ये एअर कंडिशनर आले, काचा उघडायची गरज राहिली नाही. खांबाने आवाज कमी, गळती कमी, खर्च कमी. आम्ही आठ जण नसतो तरी हार्डटॉप गेलीच असती, दोन वर्षं उशिरा. त्या दोन वर्षांत जेवढ्या गाड्या निघाल्या असत्या, तेवढाच आमचा अभिमान. जास्त घेतला तर चोरी."

हार्डटॉपमध्ये ते मुलांना घेऊन कधी फ्रीवेवर गेले नाहीत. सईने सोळाव्या वाढदिवसाला किती विनवण्या केल्या. "काका, प्लीज, जस्ट वन एक्झिट!" काकांनी तिला शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ती गाडी चालवू दिली, ताशी वीस मैलांनी, स्वतः शेजारी बसून. फ्रीवे नाही म्हणजे नाही. "बाईसाहेब दिसायला सुंदर आहेत," ते गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "पण त्यांच्यावर डोकं ठेवून झोपावं अशा नाहीत."

दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी रांग लागते. लोक सकाळपासून फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात. काकाही आपली गाडी एका दुकानाच्या आवारात लावायचे, चारही काचा खाली करून. काकू भडंगाचा मोठा डबा द्यायच्या. आणि घडीची खुर्ची घेऊन वॉल्ट यायचा. वॉल्ट काकांच्याच कंपनीतला, पण गाड्यांची रूपं काढणाऱ्या विभागातला; नोकरीत असताना दोघे कधी भेटलेच नव्हते. भेट झाली ती या फुटपाथवर, निवृत्तीनंतर. काकांच्या गाडीच्या छताची रेघ स्वतः वॉल्टच्या पेन्सिलीतून उतरलेली. तो उंच, खांदे वाकलेला म्हातारा कागदी कपात भडंग घ्यायचा, चमच्याने खायचा, तिखटाने डोळे पुसायचा आणि गाडीकडे बघत राहायचा. ती गाडी काकांना जशी दिसायची, तशी बघू शकणारा दुसरा माणूस काकांना उभ्या अमेरिकेत तो एकच भेटला होता.

आणि दर वर्षी वॉल्ट हार्डटॉपमध्ये खांब घालणाऱ्या माणसाला शिव्या द्यायचा. "कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत बसलेला कुणीतरी कारकुंडा! बायकोचा फोटोसुद्धा फूटपट्टीने मोजून भिंतीवर लावत असेल! त्याने माझ्या रेघेत खांब ठोकला!" भोवतालची मंडळी हसायची. काका भडंगाचा डबा हलवून शेंगदाणे वर आणायचे आणि गप्प बसायचे.

"सांगत का नाही त्याला?" परतताना मी विचारलं.

"सांगितलं तर पुढच्या वर्षी खुर्ची दुसरीकडे टाकेल."

"एवढंच?"

"नाही, एवढंच नाही. आमची चाचणी प्रयोगशाळेतली. छताच्या कोपऱ्यावर प्लेट ठेवायची आणि हळूहळू दाबायचं. रस्ता हळूहळू दाबत नाही, जयंत. खऱ्या गाडीचं खरं छत मी कधी मोजलेलं नाही. त्याची रेघ मी पुसली हे नक्की. बदल्यात काय दिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

२००५ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी बाईसाहेबांच्या काचांचं काम काढलं. जुनी रबरं वाळून गेली होती, पाऊस आत यायचा. हार्डटॉपच्या काचा जुळवणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. काचेला चौकट नाही. वर छताच्या रबराला, मागे दुसऱ्या काचेला, सगळीकडे ती सारखीच टेकली पाहिजे. काका कागदाची पट्टी रबर आणि काचेच्या मध्ये धरून ओढायचे. पट्टी सहज निघाली तर सैल, फाटली तर घट्ट, अंमळ अडून निघाली तर बरोबर. असे सहा शनिवार आम्ही घालवले. काकू चहा आणून द्यायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या गुडघ्यांकडे असं सहा शनिवार बघितलं असतं, तर मी आज वुडवर्डला पळत गेले असते."

सहाव्या शनिवारी सोळाही पट्ट्या अडून अडून निघाल्या. सोळाच, कारण प्रत्येक काचेला आम्ही चार जागी तपासत होतो. काका खूश. आम्ही गाडी स्टँडवरून खाली उतरवली. काच वर केली. दोन काचांच्या मध्ये माझं करंगळीचं नख जाईल एवढी फट.

मी बघतच राहिलो. काका आधी पांढरे पडले, मग लाल झाले, मग मटकन स्टुलावर बसून एवढे हसले की काकू बाहेर आल्या.

"अहो, काय झालं?"

"तीस वर्षं," काका हसण्यातच म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट शिकवली. खांब नसलेली गाडी वाकते. आणि काम सोयीचं व्हावं म्हणून मीच तिला सहा आठवडे स्टँडवर चढवून मापं घेतली! चाकं लोंबकळत असताना अंगाचा आकार वेगळा, चाकांवर उभी असताना वेगळा. कॉलेजच्या पोरानेही अशी चूक केली नसती."

सगळं पुन्हा केलं. जमिनीवर, गुडघे टेकून, आणखी चार शनिवार. त्यानंतर हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं: "माप घ्यायचं ते स्वतःच्या चाकांवर उभी असताना." कुणी सुनेबद्दल बोललं, कुणी मुलाच्या नोकरीबद्दल, की काका विचारायचे, "चाकांवर उभी आहे का अजून स्टँडवर?"

२००६ च्या जानेवारीत सईचा अपघात झाला. मी २००१ मध्ये घेतलेली तीच दोन दारांची गाडी आता ती चालवत होती. पोहण्याच्या सरावाहून येताना फ्रीवेच्या वळणावर, न दिसणाऱ्या बर्फावरून गाडी घसरली, खड्ड्यात गेली, एकदा पूर्ण उलटली आणि पुन्हा चाकांवर येऊन थांबली. सईचं गळ्याजवळचं हाड मोडलं, कपाळावर पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांत घरी न्या. ओळखीचे सगळे दवाखान्यात येऊन गेले. काकूही येऊन गेल्या. काका आले नाहीत. अनघाला ते लागलं. "सईला गाडी शिकवली ती यांनीच," ती म्हणाली, "आणि आता पाय निघेना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले. कानटोपी, बुटांना ग्रीसचा चिखल, नाक लाल. हातात घडी केलेला कागद. सकाळपासून ते त्या आवारात होते, जिथे मोडलेल्या गाड्या नेऊन ठेवतात. सईची गाडी अजून ट्रकवर तिरकी बांधलेली होती. काकांनी तिथल्या माणसाच्या मागे लागून ती खाली उतरवून घेतली. "वर चढवलेल्या गाडीचं माप मी घेत नाही," असं सांगितलं त्याला. मग अडुसष्ट वर्षांचा हा माणूस टेप आणि ओळंबा घेऊन त्या चेपलेल्या गाडीत दोन तास वाकून बसला.

त्यांनी सईकडे पाहिलं. तब्येतीबद्दल काही विचारलं नाही. "बेटा, जरा सरळ बसतेस? दुखत असेल तर नको."

सई बसली. काकांनी पलंगापासून तिच्या डोक्यापर्यंत टेप लावला, आकडा कागदावर लिहिला, वजाबाकी केली. मग माझ्याकडे वळले.

"पुढचा कोपरा अकरा सेंटीमीटर आत गेलाय. खांबापाशी दोन. सांधा तसाच आहे, वेल्डिंगचा एक टाकासुद्धा उसवलेला नाही. हिच्या डोक्यावर चौऱ्याहत्तर मिलिमीटर उरले होते, जयंत." आणि मग पुन्हा, "चौऱ्याहत्तर."

मी आयुष्यभर आकडे पाहिले आहेत. त्या आकड्याचं काय करावं ते मला कळेना. मी उठून सईच्या डोक्यावर माझी चार बोटं आडवी धरली. तेवढीच जागा. अनघाने काकांच्या पायाला हात लावला आणि ती रडायला लागली.

"काका, खांब नसता तर?" मी विचारलं.

"ते गणित मी करणार नाही."

"तुम्ही कुठल्याच गणिताला नाही म्हणत नाही."

"याला म्हणतो."

त्या ऑगस्टमध्ये सईही आमच्याबरोबर वुडवर्डला आली. दुपारी एका तरुण माणसाने काकांच्या गाडीपाशी थांबून विचारलं, अशा गाड्या हल्ली का बनवत नाहीत? वॉल्ट तयारच होता. "सांगतो! कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत एक कारकुंडा..."

काकांनी भडंगाच्या डब्याचं झाकण लावलं. "वॉल्ट," ते इंग्रजीत म्हणाले, "खोलीला खिडकी होती. कारकुंडा मी."

वॉल्ट हसला. "सॅब, गंमत नको."

"गंमत नाही. आठ जण होतो. छताचं गणित माझं होतं. दहा वर्षं तुझ्या शेजारी बसून ऐकतोय, कारण माझ्याकडे पुरावा नव्हता. आता आहे." त्यांनी सईला पुढे केलं. "ही जानेवारीत उलटली. गाडीचं मी स्वतः माप घेतलं, जमिनीवर. तुझी रेघ सुंदर होती, वॉल्ट. अजून रोज सकाळी बघतो मी ती. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा पुसेन."

मी काकांना इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. वॉल्टने सईच्या कपाळावरच्या खुणेकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग काकांकडे. मग त्याने खुर्चीची घडी घातली आणि गर्दीतून निघून गेला.

पुढच्या वर्षी तो आला नाही. काकांनी त्याच्यासाठी कागदी कपात भडंग भरून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सादळलं. "रागावला," काका म्हणाले. "त्याला हक्क आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "पण सांगितल्याचं मला वाईट वाटत नाही. एवढं लिहून ठेव."

२००८ च्या मे महिन्यात काका हृदयविकाराने गेले. तीन दिवस दवाखान्यात होते. अंत्यविधीच्या दिवशी काकूंनी मला बाईसाहेबांची किल्ली दिली. "घेऊन ये तिला. गावातल्या रस्त्यानेच आण हं, नाहीतर ते वरून ओरडतील." मी आणली, चारही काचा खाली करून. आवारात मी ती माझ्या गाडीशेजारी लावली.

विधी आटोपून आम्ही बाहेर आलो तेव्हा वॉल्ट तिथे उभा होता. काळा, जुन्या पद्धतीचा सूट, हातात काठी. आधी तो बाईसाहेबांपाशी गेला आणि छताच्या रेघेवरून त्याने एकदा हात फिरवला. मग माझ्या गाडीपाशी आला. काठी बगलेत धरली आणि माझ्या खांबावर पेरांनी दोनदा टकटक केली.

"हा सॅबचा," तो म्हणाला.

"आठ जणांचा," मी म्हणालो. सवयच ती. काका असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं.

"माहीत आहे. मी वर्षभर जुन्या लोकांना फोन करत होतो." वॉल्टने श्वास घेतला. "सात जण माझ्या रेघेला आणखी दोन वर्षं द्यायला तयार होते. वरून दबाव होता. एक ठेंगणा भारतीय पोरगा सही करेना. त्याने सही केली नाही म्हणून बाकीच्यांनाही आपला कागद फाडून त्याच्या कागदावर सह्या कराव्या लागल्या." तो सईकडे वळला. "हे त्याने तुम्हाला सांगितलं होतं?"

सईने मान हलवली. नाही. मलाही नव्हतं सांगितलं. दोन वर्षांचा अभिमान आमचा, आठ जणांचा, एवढंच ते सांगत आले. त्या आठांपैकी सात जणांना त्यांनी शेवटपर्यंत सांभाळून घेतलं होतं.

वॉल्ट पुढच्या गाडीकडे गेला. दोनदा टकटक. मग त्याच्या पुढच्या. काठी टेकत टेकत तो सगळी रांग फिरला. मी मोजत होतो. बाईसाहेब सोडून एकवीस गाड्या होत्या, त्याने एकही सोडली नाही. त्यांतल्या चौदा दुसऱ्या कंपन्यांच्या. त्यांच्या खांबांशी काकांचा काही संबंध नव्हता. काका असते तर त्यांनी तिथल्या तिथे वॉल्टला थांबवून दुरुस्ती केली असती.

मी केली नाही.